पहिला नंबर

"माझं पहिलं पाडा! आबा, ऐकू येतंय का? माझं दुकान पहिलं पाडा, न्हाईतर मी हितनं हलत न्हाई!"

आप्पा बाकड्यावर उभे राहून ओरडत होते. आप्पा म्हणजे आमच्या बाजारतळावरचे घोंगड्यांचे व्यापारी. त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरांमागं हिंडून अर्धा मुलूख पायाखाली घातला होता. एक जण घाटावर आणि दुसरा खाली कोकणात असला तरी दोघांना सुखदुःखाचं बोलता यावं, असा आवाज त्या घराण्यात पिढ्यानपिढ्या घडत आला होता. आप्पांनी शेती धरली, ऊस लावला, दुकान घातलं. आवाज तेवढा रानातलाच राहिला. ग्रामपंचायतीच्या हॉलचे पत्रे थरथरत होते. त्याच वेळी भीमेपलीकडं दौंड तालुक्यात एक बैल दावं तोडून पळाला, असं मला नंतर शपथेवर सांगण्यात आलं. सांगणारा बैलाचा मालकच होता, तेव्हा शंका घ्यायला जागा नाही.

"ह्यांचं पहिलं का म्हणून?" खतवाला उठला. "माझं दुकान मोठं हाय. मोठं आधी पाडा!"

"मोठं हाय म्हणून काय झालं? माझा बाप हितं तुझ्या बापाच्या आधी बसला हुता!"

मी सचिव होतो, म्हणजे समोर टेबलाशी बसून पेनाचं टोपण चावत होतो. आणि माझ्या मागं माझी सख्खी आत्या पदराचं टोक दातात धरून बसली होती. ज्या पहिल्या नंबरासाठी सगळं गाव एकमेकांच्या अंगावर धावत होतं, तो आत्याला मिळाला होता. आणि अख्ख्या हॉलमध्ये तो कुणाला नको असेल, तर तिला.

आता हे असं का, ते सांगायला पाहिजे. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव शिरूर तालुक्याच्या अशा टोकाला, की दौंड जवळ पडतं आणि शिरूरला जायचं म्हटलं की माणूस घरच्यांचा निरोप घेतो. आठवड्याचा बाजार मोठा. बाजारतळावर पत्र्याच्या दुकानांची रांग होती. तिचे पत्रे इतके गंजलेले, की एकदा शिंकलं तर तीन दुकानांत उजेड पडायचा. ती रांग काढून पक्के गाळे बांधायचं ठरलं आणि त्यासाठी एक पुनर्विकास मंडळ नेमलं गेलं. अध्यक्ष आबा. मी बी.कॉम. होतो, टायपिंग येत होतं आणि घरी स्कूटर होती. एवढी विद्वत्ता त्या काळी सचिवपदाला पुरायची.

पुण्याहून एक मॅडम आल्या. मंडळाला शिकवायलाच त्यांना पाठवलं होतं. त्यांनी सांगितलं, "कुठल्याही संस्थेला उद्दिष्ट पाहिजे. आणि प्रत्येक उद्दिष्टाला मोजमाप पाहिजे. नाहीतर वर्ष संपलं की आपण पुढं गेलो का जागेवरच राहिलो, हे कळणार कसं?"

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. कुणाला काही कळलं नव्हतं. आबांना मात्र एकदम उजेड पडला.

आबांचं उभं आयुष्य साखर कारखान्याच्या संचालक मंडळात गेलेलं. स्वप्नातसुद्धा ते ठराव मांडूनच कूस बदलायचे. ते म्हणाले, "मॅडम, म्हंजी गाळप! रोज किती ऊस गाळला, त्ये कारखान्याच्या दारात फळ्यावर लिहितात. तसं आपन लिहू. आठवड्याला किती दुकानं पाडली!"

मॅडम म्हणाल्या, "ते एक झालं, पण..." तेवढ्यात पाटसवरून जाणारी त्यांची एसटी आली. ती गाडी चुकली तर पुण्याला पोचायला दुसरा जन्म लागला असता. त्या धावल्या. त्यांचं 'पण' आमच्या गावात राहिलं, आणि त्याचा अर्थ लावायला कुणी बसलं नाही.

पाडलेलं मोजायला सोपं असतं, हे खरं. बांधायला विटा लागतात, सिमेंट लागतं, ठेकेदार शुद्धीवर लागतो. पाडायला एक टिकाव आणि दोन उत्साही माणसं पुरतात. तेव्हा मंडळाचं उद्दिष्ट ठरलं: आठवड्याला एक दुकान. फळा रंगवला. पाडण्याचा प्रोग्राम लावला. आणि तिथंच आमच्या गावाचं डोकं फिरलं.

आमच्याकडं ऊसवाल्याला लहानपणापासून एकच गोष्ट कळते. कारखान्याचा तोडणीचा प्रोग्राम लागला की आपला नंबर वर पाहिजे. ऊस रानात उभा राहिला तर वाळतो, वजन घटतं, रान मोकळं होत नाही. म्हणून गट ऑफिसात खेटे घालायचे, साहेबाला हुरड्याला बोलवायचं, पुढाऱ्याचा फोन आणायचा, पण नंबर वर घ्यायचा. ही सवय इतकी हाडात गेलेली, की प्रोग्राम म्हटलं की तो कशाचा आहे हे वाचायच्या आधीच माणूस ओरडायला लागतो. दुकानं पाडायचा प्रोग्राम लागला, आणि ज्यांची दुकानं पडणार होती, तेच पहिल्या नंबरासाठी चहा पाजत हिंडू लागले. खतवाल्यानं तर दौंडच्या एका पुढाऱ्याचा फोन आणला, एसटीडी बूथवर माझ्या कानाला लावला. पुढारी म्हणाला, "आपला माणूस आहे. त्याचं लवकर पाडा."

आणि आबांनी दयाळूपणानं पहिला नंबर आत्याला दिला.

आत्याचं बाजारतळाच्या कोपऱ्यावर भजी-मिसळीचं दुकान. नवरा लवकर गेला, पुढं तिनं त्या कढईवर घर चालवलं. आबांनी भर सभेत सांगितलं, "ह्या बाईसाठी फोन करनारं कोन हाय? कुनी न्हाई. म्हनून तिचं आधी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींचे डोळे ओले झाले. आत्याचेही झाले, पण कारण वेगळं होतं.

ती त्याच दिवशी घरी येऊन मला म्हणाली, "आरं, आप्पाची घोंगडी खांद्यावर टाकून कुठं बी जात्याल. माझी चूल जमिनीत लिंपलेली हाय. ती कुठं उचलून न्यू?"

"आत्या, नवा गाळा मिळणार आहे की."

"कुठाय?"

नव्या गाळ्यांच्या जागी तोवर फक्त चुन्याची फक्की मारलेली होती, आणि तीही शेळ्यांनी अर्धी पुसली होती. दुकान पडलं की गाळा होईपर्यंत आत्याची कढई थंड. आणि ती कढई थंड झाली तर तिच्या घरात दुसरं काहीच गरम होणार नव्हतं.

"मग आबांना नाही म्हण."

"भर सभेत मान दिला त्यांनी. त्वांडावर न्हाई म्हनू? तू सचिव ना? तू कर कायतरी."

माझीही पंचाईत. सचिवानं स्वतःच्या आत्याचा नंबर हलवला तर, वर केला काय नि खाली केला काय, गावानं मला शिरूरपर्यंत हाणत नेलं असतं.

असे सगळे अडकलेले असताना आप्पा त्या बाकड्यावर उभे राहून ओरडत होते. त्यांचा नंबर सगळ्यात शेवटचा आला होता, आणि तो अपमान त्यांच्या छातीत मावत नव्हता. मी ते ऐकत होतो आणि एकदम मला, आबांना पडला होता तसा, उजेड पडला. खुर्चीखालून पाय मागं नेऊन मी आत्याच्या पायाला ढोसलं आणि तोंड न हलवता म्हणालो, "दे त्यांना."

आत्या माझ्यापेक्षा हुशार. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आप्पा, तुमी वडीलधारं. तुमी ओरडायचं आन् म्या बसून ऱ्हायचं, हे मला सोसंना. माझा नंबर तुमी घ्या. तुमचा शेवटचा मला द्या."

असला त्याग आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. आप्पा बाकड्यावरून उतरले, आत्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "ताई, तू देवमानूस हायेस."

देवमाणसानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पाडायच्या दिवशी आप्पांनी हलगीवाले आणले. नारळ फोडला. कारखान्यात हंगामाची पहिली मोळी टाकतात त्या थाटात आबांनी पहिला टिकाव घातला. गुलाल इतका उडाला, की रस्त्यानं जाणाऱ्या शेरडांना नंतर पिल्लंसुद्धा गुलाबी झाली, असं म्हणतात. दुपारपर्यंत दुकान भुईसपाट. आबांनी फळ्यावर खडूनं लिहिलं: एक. टाळ्या.

मग हलगीवाले गेले. लोक पांगले. आप्पा उरले. खांद्यावर घोंगड्यांचा गठ्ठा, पुढ्यात मोकळी जागा. ते त्या जागेकडं बघत राहिले. मग बसायला गेले. बसायला काही नव्हतं. परत उभे राहिले. शेजारचा खतवाला आपल्या दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं आप्पांकडं पाहिलं, मग स्वतःच्या पत्र्याकडं वर पाहिलं, आणि हळूच हात वर करून तो पत्रा चाचपला. त्या क्षणी त्या रांगेत वारं फिरल्यासारखं झालं. एकेक जण बाहेर येई, आप्पांकडं पाही आणि आपला पत्रा चाचपी.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात गर्दी. "सचिव, माझं शेवटी टाका."

"तुम्हीच तर म्हणाला होता..."

"तवा म्हनलो हुतो. आता न्हाई म्हनत."

दौंडच्या त्याच पुढाऱ्याचा परत फोन. "आपला माणूस आहे. त्याचं शेवटी पाडा." आणि शेवटचा नंबर कुणाकडं? आत्याकडं. आता सगळ्यांना तो त्याग आठवला आणि त्याचा वास येऊ लागला. "बाईला आधीच ठावं हुतं," खतवाला म्हणाला. आबाही डळमळू लागले. मोठ्या दुकानाचं नुकसान मोठं, असं काहीतरी ते पुटपुटू लागले. आत्यानं त्या आठवड्यात मला भजी दिली नाहीत. आमच्या घराण्यात यापेक्षा कडक इशारा नसतो.

मी स्कूटरवर बसलो, दौंडला गेलो, पोस्टातून पुण्याला तार केली: मोजमाप बिघडलं आहे, यावे.

मॅडम आल्या. फळा बघितला. "एक म्हणजे काय?"

"एक पाडलं," आबा छाती काढून म्हणाले.

"आणि त्या दुकानदाराचं काय झालं?"

आप्पा हॉलच्या दारात घोंगड्यांचा गठ्ठा टेकून उभे होते. आता त्यांचं दुकान तेच होतं. ते त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात बोलले, म्हणजे फक्त अर्ध्या गावाला ऐकू गेलं. "गाळप झालं, मॅडम. साखर तेवढी यायचीय."

आबा कानापर्यंत लाल झाले. पण माणूस मोठा होता. चूक कळली की तिला ठरावात बदलून टाकायची ताकद त्यांच्यात होती. ते म्हणाले, "सचिव, खोडा त्यो एक."

मॅडम म्हणाल्या, "नव्या गाळ्याचा ताबा दिला की एक धरा."

"ताबा म्हंजी किल्ली," आबा म्हणाले. "किल्लीनं पोट भरतंय व्हय? तसं नको. नव्या गाळ्यात बसून मानसाची बोहनी झाली, पहिलं गिऱ्हाईक झालं, की एक. आन् त्याच्या आधी जुन्याला हात लावायचा न्हाई. कुनाच्याच."

मॅडमनी वही मिटली. म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवते, असं मोजमाप मला सुचलं नव्हतं. मी मागं वळून बघितलं. आत्यानं पदराचं टोक दातातून सोडलं होतं. मी इतका मोठा निःश्वास टाकला, की टेबलावरचे कागद दारातल्या आप्पांपर्यंत उडाले.

मग बरेच महिने फळ्यावर शून्य होतं आणि आबा ते शून्य रोज नव्या खडूनं गिरवायचे. कुणी हसलं की म्हणायचे, "खरं हाय म्हनून शून्य हाय." नंबराची भांडणं थांबली, नंबराला आता काही अर्थच उरला नव्हता. पहिला गाळा आप्पांनाच दिला. भर वैशाखात आबांनी बोहनीला घोंगडं विकत घेतलं आणि ते पांघरून फळ्यापर्यंत चालत गेले. पोचेपर्यंत त्यांच्या अंगातून एवढं पाणी गेलं, की भीमेची पातळी वाढली म्हणतात. त्यांनी लिहिलं: एक.

आत्याचा गाळा त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी झाला. तोवर जुन्या पत्र्याखाली तिची कढई एक दिवसही थांबली नाही. नव्या गाळ्यात चूल लिंपून झाली, पहिला घाणा निघाला, पहिलं गिऱ्हाईक मीच. भजी खाता खाता मी तिला सगळं परत सांगितलं: मी कसा पाय ढोसला, कशी तार केली, मी नसतो तर ती कशी उघड्यावर आली असती, आणि माझ्यासारखा भाचा पंचक्रोशीत शोधून सापडणार नाही. थोडं वाढवूनच सांगितलं. मन इतकं हलकं झालं होतं, की थांबवेना.

आत्यानं झारा निथळवला.

"शटर अर्ध्याच्या वर जात न्हाई," ती म्हणाली. "तेवढं बघ."