समुद्रापलीकडच्या ओट्या

कोरेगावच्या बाजारात मनुबाईनं दोन खण घेतले, तेव्हा कापडवाल्यानं सहज विचारलं, पाहुणे कुठले? मनुबाईनं सांगितलं, एक घर बसऱ्याचं, दुसरं मिसरचं. कापडवाला हसला. बाई थट्टा करतेय असं त्याला वाटलं. मनुबाईला थट्टा करता येत नसे.

तिचा नवरा जोतीराम मराठा पलटणीत होता. लढाई संपल्यावर सेहेचाळीस साली तो घरी आला, तो छातीत बॉम्बची कपची आणि डोक्यात एक खूळ घेऊन. कपची काढता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि खूळ काढायला तो स्वतःच तयार नव्हता. बंदूक खांद्याला लावून जे मुलूख पालथे घातले, ते आता बायकोला बरोबर नेऊन पाहुण्यासारखे पाहायचे, असं ते खूळ. आधी इराकातला बसरा, मग मिसर म्हणजे इजिप्त, मग इटली. मुंबईला बोटीवर त्याच्या ओळखीचा एक खलाशी होता. उसाचं पुढचं पीक हाती आलं की निघायचं, असं नवराबायकोचं ठरलं. गावानं दोघांना वेड्यात काढलं. तिथं एवढं बघायचं तरी काय, असं कुणी विचारलं की जोतीराम म्हणायचा, "मानसं बघायची. कशी ऱ्हात्यात, कशी जेवत्यात, लेकी कशा नांदवत्यात. मी समदं घाईत बघितलं, गड्या."

दुपारी मळ्यात भाकरी खाऊन झाली की मनुबाईची शिकवणी चाले. बसऱ्याला एका मोठ्या ताटात सगळ्यांनी जेवायचं. इटलीत खुर्चीवर बसायचं, आणि तिथल्या शेवया लांबच लांब, त्याही गोड नव्हे, तर खारट. सवय व्हावी म्हणून मनुबाईनं एकदा मीठ घालून शेवया केल्या. सासूनं, साळूबाईनं, एक घास खाल्ला आणि उरलेलं ताट म्हशीपुढं ठेवलं. म्हैससुद्धा जरा विचारात पडली. साळूबाईला हे समुद्र ओलांडणं मुळीच मान्य नव्हतं, आणि ते ती रोज बोलून दाखवी.

मनुबाईच्या मनात मात्र एकच गोष्ट पक्की बसली होती. आपल्या माणसाला जिनं परमुलखात घास भरवला, तिच्या दारात जायचं तर तिची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ तिच्या पदरात घालायचे. बसऱ्याच्या बाईनं जोतीरामला तापात पाणी आणि खजूर दिला होता. मिसरच्या बाईनं भिंतीवरून गरम रोटी हातात दिली होती. त्या बायकांना पदर असतो की नाही, हा विचारच मनुबाईच्या मनाला शिवला नाही. अडचण आली ती इटलीच्या म्हातारीची. हिवाळाभर तिनं जोतीरामच्या तुकडीला घरात ठेवून घेतलं होतं, पण तिचा नवरा केव्हाच वारलेला, आणि बाई सदा काळ्या कपड्यांत.

"आवं, मग तिची वटी कशी भरायची?" मनुबाईनं विचारलं. "इधवा बाई. तिला काय न्यायचं?"

"काय बी ने. तिकडं तसलं न्हाई," जोतीराम म्हणाला. "तिच्या नातीचं लगीन मी डोळ्यानं बघितलं. ही म्हातारी तशीच काळ्या कापडात नातीचा हात धरून समद्यांच्या म्होरं चालली. नवरीनं तिच्या हाताचा मुका घेतला. कुनी बी तिला मागं सर म्हनलं न्हाई."

मनुबाईला ते खरं वाटेना. आत धान्य पाखडणारी साळूबाई तेवढ्यात कडाडली, "असलं काय बाय सांगू नगंस घरात." त्या दिवसापासून मनुबाईला बसऱ्यापेक्षा आणि मिसरपेक्षा ती म्हातारीच जास्त बघावीशी वाटू लागली.

पीक उभं होतं, तेवढ्यात छातीतली कपची हलली. जोतीरामला मिरजेला नेलं. तिथं डॉक्टरांनी शर्थ केली, पण तो वाचला नाही. शेवटच्या दिवशीही तो बायकोला बोटीवरच्या वाऱ्याबद्दल सांगत होता. कानाला काहीतरी बांध, असं त्यानं दोनदा बजावलं. मनुबाईला ते आठवलं की तिचा जीव आतल्या आत तुटायचा. दुःखाला काही आवाज असतो असं नाही. ती रानात जायची, काम करायची, दिवस मावळला की परत यायची. खण तिनं जावेला, हरणाबाईला, देऊन टाकले. मोकळ्या कपाळाच्या बाईनं कुणाची ओटी भरायची नसते, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिच्या लेखी बसऱ्याचं आणि मिसरचं दारही त्याच दिवशी बंद झालं.

दीड वर्षानं हरणाबाईच्या लेकीचं, सुलाचं, लग्न निघालं. सुलाला लहानपणी मनुबाईनंच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. लग्नाच्या दिवशी ती पहाटेपासून चुलीशी राबली, आणि वऱ्हाड मंडपात शिरलं तशी न सांगताच आतल्या खोलीत धान्याच्या कणगीमागं जाऊन बसली. तिथं साळूबाई आधीच बसलेली होती. साळूबाईची ती जागा जुनी, नवरा गेल्यापासूनची. पोटच्या दोन्ही लेकांच्या लग्नातल्या मंगलाष्टका तिनं याच कणगीमागून ऐकल्या होत्या.

बाहेर अंतरपाट धरला गेला.  मग साळूबाईनं हळूच विचारलं, "ती म्हातारी नातीचा हात धरून म्होरं चालली, हे खरं का गं?"

"त्येनी डोळ्यानं बघितलं हुतं, आत्या."

"आन् तू ते बघाय जानार हुतीस."

"आता कशाची जाती मी," मनुबाई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती सासूसमोर रडली.

साळूबाईनं तिला रडू दिलं. मग कणगीला धरून ती उठली. "ऊठ," ती म्हणाली. "तिकडं जायाचं न्हाई जमलं तर हितं जाऊ. नात माजीबी हाय."

दोघी उंबरा ओलांडून मंडपात आल्या. बायका आपोआप बाजूला झाल्या. वाट द्यायला की सावली टाळायला, ते कळायला मार्ग नव्हता. थोरला लेक नानासो, सुलाचा बाप, काहीतरी बोलायला पुढं झाला, पण समोर आई होती, तिला मागं सर म्हणायला त्याची जीभ उचलेना. साळूबाई थेट अंतरपाटापाशी गेली आणि तिनं सुलाचा हात धरला. भटजी एक कडवं विसरले. हरणाबाईचा चेहरा पांढरा पडला होता. ती सासूकडं बघत राहिली, मग मनुबाईकडं बघत राहिली, आणि मग आपल्या मुठीतल्या निम्म्या अक्षता मनुबाईच्या हातावर ठेवून तिनं बाजूला सरकून दोघींना जागा करून दिली.