घरात नवरे किती?

लाज वाटून घेण्याच्या स्पर्धा भरत असत्या तर आमच्या सरांनी पहिला नंबर दरवर्षी सुरतेला आणला असता आणि बक्षीस घेताना दुसऱ्या नंबरवाल्याची माफी मागितली असती. मी त्यांच्याकडे अर्थशास्त्र शिकलो, आता त्याच कॉलेजात त्यांचाच विषय शिकवतो, पण इतका शरमिंदा माणूस मला पुन्हा भेटला नाही. मुलं तासाला उशिरा आली की हेच ओशाळून दाराशी उभे राहत. माझ्या तासाला धावत यावंसं वाटत नाही हा दोष माझाच, असं त्यांचं म्हणणं. रिक्षावाला रस्ता चुकला तर त्याचीच माफी मागत. कुणी चहा दिला तर प्यायची लाज आणि नको म्हणायचीही लाज, म्हणून कप हातात धरून बसायचे, आणि मग गार झाला म्हणून पुन्हा लाजायचे.

अशा माणसाने लोकांच्या दारोदार जायचा विषय काढावा, हे नवलच. बेकारी नुसती पुस्तकात वाचायची नाही, दर शनिवारी वस्तीत जायचं, तिथल्या पोरांचा अभ्यास घ्यायचा, म्हाताऱ्यांना बँकेत न्यायचं, आणि जे पाहिलं ते वर्गात मांडायचं, मार्क त्यालाच. वस्ती ठरली गोडादऱ्याची, खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या माणसांची. माझं घरही तिथलंच, म्हणून दुभाष्या मी. फोटो काढायला सरांची सक्त मनाई होती. वर्गातल्या एकीने चोरून वस्तीतल्या एका मावशीचा काढलाच, तर सर हात जोडून मावशीकडे माफी मागायला गेले. मावशी म्हणाली थांबा, आत जाऊन नवं लुगडं नेसून आली आणि सरांकडूनच दुसरा काढून घेतला. सर दोन्ही वेळा लाजले.

मग आला तो प्रश्न. कुठल्या घरात कुणाच्या हाताला काम नाही, हे विचारायचं होतं. ‘बेकार’ हा शब्द सरांच्या जिभेवर येईना. माणसाला लागतो, म्हणाले, मऊ शब्द हवा. गुजरातीत रिकामा बसलेला माणूस म्हणजे ‘नवरो’, आणि त्यात फारशी बोच नाही. सर पडले गुजराती, त्यातून स्वतःच्या मराठीचा नको इतका भरवसा. मला न विचारताच पहिल्या दारात उभे राहिले. ओट्यावर बायका साड्यांना खडे चिकटवत बसल्या होत्या. सरांनी अदबीने विचारलं, “ताई, घरात नवरे किती?”

गल्ली खदाखदा हसली. ताईचं अर्धं आयुष्य सुरतेत गेलेलं, दोन्ही भाषा कोळून प्यालेली. “एकच शे सर,” ती म्हणाली, “आनि तो बी नवरोच शे!”

मी तर पोट धरून हसत होतो. तेवढ्यात आतला पडदा हलला. ताईचा नवरा बाहेर आला, चपला पायात सरकवल्या आणि कुणाकडे न बघता निघून गेला. त्याचं लूम कधीचंच बंद पडलं होतं, पण तो रात्रपाळीला जातो असं त्या दोघांनी गल्लीला सांगून ठेवलेलं. “जळो मन्हं तोंड,” ताई पुटपुटली. आणि रिक्षावाल्याचीही माफी मागणारे आमचे सर! माफी न मागताच ते मागे फिरले. परतताना एवढंच बोलले, “खरी लाज आज वाटली. आधीची नुसती सवय होती.”

पुढच्या शनिवारी त्यांनी ताईच्या नवऱ्याला शोधून काढलं. जवळच्याच पर्वत पाटियाच्या एका चहाच्या टपरीवर तो दिवस काढायचा. सर शेजारी जाऊन बसले. माफी काही ओठांवर येईना, आणि तो काही मान वळवेना. सगळ्यांनी सांगितलं, सोडा आता, त्याला जास्तच चोरट्यासारखं होतं. पण सर दर शनिवारी जात राहिले आणि चहा गार करत राहिले.

असंच चालता चालता सर रिटायर झाले. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेले. मी मागे, टपरीच्या आडोशाला उभा होतो. सर बाकावर टेकले, हात जोडले आणि म्हणाले, “भाऊ, आता मीपण नवरा झालो.”

जन्माचा ब्रह्मचारी माणूस! त्याने पहिल्यांदाच वळून सरांकडे पाहिलं, त्यांच्या पांढऱ्या केसांवरून नजर फिरवली आणि असा हसला की टपरीवाल्याच्या हातचा चहा सांडला. “मंग हळद कव्हय लागनी, सर?” असं म्हणून त्याने नवा चहा मागवला आणि सरांच्या हातात दिला. सरांनी तो गरमच प्यायला.

सर आता भावनगरला पुतण्याकडे असतात. शनिवारी मुलांना घेऊन मी जातो आणि चोख मराठीत विचारतो, कामाला कोण कोण जातं? तो अजून त्या टपरीवर असतो. मला पाहिलं की सर कसे आहेत विचारतो आणि सरकून बाकावर जागा करतो. मी मुलं खोळंबलीत म्हणतो आणि पुढे निघतो.