कापडाची ताकद किती लिटर?

वजनकाटे दुरुस्त करण्यात ज्याची सगळी हयात गेली, तो माणूस निवृत्त झाल्यावर तरी स्वस्थ बसेल, अशी आशा फक्त त्याच्या बायकोला होती, आणि तीही पहिले पंधरा दिवस. बाजारातले दुकानदार त्यांना तोळेकाका म्हणत. कुठलाही काटा समोर आला की काका खाली वाकायचे, एक डोळा मिटायचे आणि अर्ध्या तोळ्याची तरी चूक काढायचेच. पंचाईत अशी, की ती खरी निघायची.

त्यांची लेक डोंगर चढणारी. जुना तंबू पाठीवर वाहून तिचे खांदे भरून यायचे, म्हणून हलक्या कापडाचा तंबू घरीच शिवायचं ठरलं. शिवणार अर्थातच तिची आई, म्हणजे काकू. पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवण्यात तिची तीस वर्षं गेली होती. कापडवाल्याने पाच नमुने पाठवले, आणि पाचही सर्वांत मजबूत असल्याची चिठ्ठी सोबत. काकूंनी ते बोटांत चुरगाळून पाहिले आणि राखाडी तुकडा बाजूला काढला. म्हणाल्या, हे घ्या.

आता, नुसतं चुरगाळून घेतलेला निर्णय काकांच्या घशाखाली उतरणं शक्यच नव्हतं. त्यांनी न्हाणीघराच्या दारावर आडवी सळई ठोकली. प्रत्येक कापडाची बोटभर रुंद पट्टी कापायची, तिची दोन्ही टोकं लाकडी फळ्यांत स्क्रूने आवळायची, वरची फळी सळईला, खालच्या फळीला बादली. मग लिटरच्या मापाने सावकाश पाणी ओतत राहायचं. पट्टी तुटली की बादली दणकन खाली, पाणी उंबऱ्याबाहेर आणि काका वहीत. एका नमुन्याच्या पाच पट्ट्या, म्हणजे एकूण पंचवीस दणके. त्या आठवड्यात घरात आंघोळ करायची तर आधी काकांची परवानगी काढावी लागे.

नारिंगी कापड पहिलं आलं, सोळा लिटर. राखाडी चौदावर तुटलं. काकांनी हा निकाल जेवताना दोनदा वाचून दाखवला. काकूंनी एवढंच विचारलं, की तंबू न्हाणीघरात लावायचाय की उन्हात?

प्रश्न रास्त होता. काका चडफडले, पण उरलेले नमुने सहा आठवडे गच्चीच्या कठड्यावर बांधून आले. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात काही समारंभ आहे का? सहा आठवड्यांनी पुन्हा बादली टांगली. नारिंगी पट्टी नवव्या लिटरलाच गळपटली. राखाडी तेरापर्यंत तग धरून राहिली. काकांनी निकाल जाहीर करताना 'राखाडी' हा शब्द इतका पुटपुटत उच्चारला, की काकूंना तो तीनदा विचारावा लागला. ऐकू तर पहिल्यांदाच आला होता.

राखाडी कापडाचा तागा आला. काकू मशीनवर बसल्या, दोन तुकडे जोडून पाहिले आणि थबकल्या.

"इतके दिवस तुम्ही अखंड पट्ट्याच तोडल्या," त्या म्हणाल्या. "तंबू काय एका कापडाचा होणार आहे? शिवणीला किती पाणी लागतं, ते पाहिलंत का?"

काकांनी वही चाळली; शिवणीची नोंद एकही नव्हती. असा प्रसंग घरात क्वचितच येई, त्यामुळे तो दोघांनाही जरा अवघडच गेला. मधोमध शिवण असलेली पट्टी टांगली, आणि काकूंची शिवण सहाव्या लिटरला गेली. तीस वर्षांत त्यांच्या हातची शिवण उसवल्याची एकही तक्रार आली नव्हती. काकांना चिडवायची नामी संधी होती. पण त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि तुटलेली पट्टी नुसती तिच्या हातात दिली.

काकूंनी ती उजेडात धरली. दोरा शाबूत होता. कापडच सुईच्या भोकांवरून सरळ फाटलं होतं. सुई जाड, टाके दाट. मग त्यांनी घरातली सगळ्यांत बारीक सुई लावली, टाका लांब केला, कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिवण घातली. चार दिवस हेच चाललं: त्या शिवत, काका पाणी ओतत, आणि बादली डुलायला लागली की दोघंही श्वास रोखून उभे. इतक्या वर्षांच्या संसारात एकाच कामाला दोघांचे हात लागायची ही पहिलीच वेळ. शेवटची शिवण अकरा लिटरपर्यंत टिकली. तो आकडा काकांनी वहीत लाल शाईने लिहिला.

लेक तंबू घेऊन गेली आणि बाराव्या दिवशी परत आली. तिसऱ्या दुपारी वारा असा काही सुटला, की सोबतचे दोन तंबू फाटले आणि सगळेच्या सगळे हिच्या तंबूत शिरले. काका सरसावून बसले. वारा कुठल्या बाजूचा, कापड कुठे ताणलं गेलं, शिवण किती ओढली?

"बाबा, आम्ही पाच जण आत पत्ते खेळत होतो," ती म्हणाली. "काही कळलंच नाही."

काकांचा चेहरा पडला. एवढं वादळ झालं आणि नोंद एकही नाही. लेकीला त्यांची दया आली असावी. तिने सांगून टाकलं, की दाराची चेन मात्र अडकली होती आणि पाचही जणांना खालून सरपटत बाहेर यावं लागलं.

चेन आपण विकतची आणली होती, तिचा शिवणाऱ्याशी काही संबंध नाही, हे काकूंनी तिथल्या तिथे स्पष्ट केलं. काका तोवर वही शोधायला उठले होते, आणि आतूनच विचारत होते, की अडकण्यापूर्वी ती नक्की किती वेळा उघडली होती.