कोडमध्ये नसलेला व्ह्यू

सरकीचा तेलकट वास आला की लोहाऱ्याचं ते कापसाचं जिनिंग आठवतं. हंगाम भरात होता, गेटबाहेर कापसाच्या गाड्या ताटकळत होत्या आणि मालकांच्या सांगण्यावरून मी, तिथला प्रोग्रामर, डेटाबेसमधल्या वजनाच्या टेबलाची रचना बदलत होतो. त्यासाठी सगळे व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या तयार याद्या, पुसून कोडमधून पुन्हा बनवले. सगळे आले, फक्त गाड्यांच्या रांगेचा आला नाही. वजनकाट्यावरचे चाचा ओरडले, "साहेब, पहिले कोणाची गाडी घेऊ? स्क्रीन कोरी दिसून राह्यली!" तो व्ह्यू माझ्या आधीच्या प्रोग्रामरनं आदल्या हंगामाच्या घाईत थेट सर्व्हरवर लिहिला होता. हंगामात सगळे तसंच करायचे. कोडमध्ये नंतर टाकू म्हणाला, आणि दिवाळीआधीच अपघातात गेला. बॅकअप निघायचा तो फक्त वजनांचा. बाहेर हॉर्न वाजत होते, शिव्या ऐकू येत होत्या, आणि माझ्या बोटांनी सवयीनं त्याचाच नंबर लावला. त्याच्या बायकोनं फोन उचलला आणि मी विचारून बसलो, तो आहे का. "ते असते तं त्यायनंच उचलला असता ना भाऊ," ती म्हणाली, "मले कायले विचारता?" तो नंबर माझ्या फोनमध्ये अजून त्याच्याच नावानं आहे. कोडमध्ये मात्र त्याची एक ओळही नाही.