अंगठ्यावरची शाई

त्या आजींना मी कधीच पाहिलं नाही, तरी नोकरीत भेटलेल्या कितीतरी माणसांपेक्षा त्याच जास्त आठवतात.

मी नांदेडकडचा. दहावीनंतर शाळा सुटली, पुण्याजवळ मुळशी तालुक्यात पोलिसात लागलो. मुळशीनं पोटाला दिलं, हे उपकार मोठेच. पण कागदाच्या कामाची धास्ती कायम राहिली. आपला एक शब्द चुकला तर कुणाचं तरी घर जाईल, असं वाटे.

एके सकाळी भूगावात फ्लॅटवर राहणारा एक जण तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आला. त्याची आई नेरे गावात वारली, त्याला आठवडा झाला होता. आईनं मजुरी करून घेतलेलं घर आपल्याला दिल्याचं मृत्युपत्र त्याची बहीण दाखवत होती. बहीण नवऱ्यानं टाकलेली, आईजवळच राहणारी. कागदावर आईचा अंगठा होता.

"खोटं हाय, सायेब. जागा बिल्डरला द्यायची ठरलीया. तिला आमी काय उपाशी ठेवणार हाय व्हय?"

चौकशी माझ्याकडे आली. आजींना शेवटची आंघोळ घालणारी शेजारीण भांडी घासता घासता बोलून गेली, "अंगठ्याला निळी शाई व्हती. लई घासली, निघंना. आदल्या सांजंला मीच पेज पाजली, तवा हात निर्मळ व्हता."

मी बहिणीला बोलावलं, महिला शिपाई शेजारी बसवली. दरडावलं नाही. एवढंच विचारलं, "ताई, अंगठा आधी घेतला की नंतर?"

 ती म्हणाली, "नंतर. हात गार पडला व्हता. सहा वरसं तिचं समदं केलं, सायेब. आता भाऊ भायेर काढणार. मी कुटं जाऊ?"

मृत्यूची वेळ विचारायला गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. आजींचा दाखला देऊन ते परगावी गेले होते, आदल्याच दिवशी परतले होते. ते चकित झाले.

"मृत्युपत्र त्यांनी चार वर्षांपूर्वीच पौडला नोंदवलंय. मी साक्षीदार आहे. घर लेकीला, शेत मुलाला. मला म्हणाल्या, 'डाक्तर, मी हाय तवर बोलू नका. पोरगा यायचा बंद व्हईल.'"

निबंधक कार्यालयातून प्रत आणली. सही न येणारी बाई, पण आपल्या मागं काय होणार हे तिनं ओळखलं होतं. त्यात लिहून घेतलं होतं, 'माझी लेक कुणाच्या दारात उभी राहू नये.'

दोघांना समोर बसवून मी ते वाचलं. भाऊ बहिणीकडे वळला. मग म्हणाला, "अगं येडे, तुला आधीच दिलं व्हतं की तिनं!"

"म्हंजी मी उगीच तिचा गार हात..."

भावानं अर्ज मागे घेतल्याचा जबाब दिला. मी काही न लपवता, त्या खोट्या कागदासकट अहवाल साहेबांपुढे ठेवला.

मृत्युपत्र हे श्रीमंतांचं काम, असं मी तोवर समजत होतो. त्या मजूर बाईनं मला वेगळं शिकवलं, आणि ते मुलांना सांगायचं राहिलं की काय होतं तेही तिच्याच घरात पाहिलं. निवृत्त झाल्यावर मी माझं मृत्युपत्र नोंदवलं आणि मुलाला, मुलीला बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलगा रुसला, चार दिवस बोलला नाही. म्हटलं, रुसू दे. समजूत घालायला अजून मी आहे.