दोरी नसलेला हात

परभणीच्या कचेरीसमोर, हॉटेलच्या बाकावरून एक म्हातारा मला हाताने जवळ बोलावत होता. ओळख आठवेना, तरी मी हसत जाऊन म्हटलं, "नमस्कार, घरी सगळी बरी ना?" त्याने मान हलवली, पण हात बोलावतच राहिला.

"तुमाला न्हाई बोलावलं, साहेब," तो ओशाळून म्हणाला. "निजामाच्या काळापासून कचेरीत दोरीचा पंखा ओढायचो. आता बिजलीचा आला. मला घरी बसवलं, पर हाताला कुणी सांगितलंच न्हाई."

माझी फजिती झाकायला मी चहा मागवला आणि शाळेत शिकवायच्या सवयीने स्नायूंचा धडाच सुरू केला. स्नायू आखडतो, मग सैल पडतो, आणि दोन्ही वेळा अन्नातून आलेली ताकद खर्च होते. तो डोलत ऐकत होता. हात अर्थातच चालू.

"तरीच भूक पहिल्यावानी लागायलीय," तो म्हणाला. "पर साहेब, तवा त्या भाकरीचा वारा व्हायचा. कुणाच्या तरी कपाळाचा घाम सुकायचा. आता कुठं जाती ती भाकर?"

मग कचेरीच्या खिडकीकडे बघत त्याने हळूच विचारलं, "तुमच्या वळखीत कुठं दोरी हाय का हो ओढायला? पगार नको."

त्याला आणखी एक चहा पाजून मी घरी आलो आणि नातवाचा पाळणा हलवत बायकोला सगळं सांगितलं. तिने पाळण्याची दोरी माझ्या हातातून काढून घेतली.

"अहो, ही काय आहे मग? जा, आधी त्यांना घेऊन या. भाकरी जास्तीची टाकते."