रुकिए भैया, हो रहा है

काउंटरवरचा माणूस 'सिस्टीम स्लो आहे' म्हणतो, तेव्हा तुम्ही कोणावर ओरडता? त्याच्यावरच ना? सिस्टीमला तोंड नसतं, म्हणून. माझी मंजूताई हे मानायची नाही. "सिस्टीमले तोंड असते वं," ती म्हणायची, "अन् थे मी बनवते."

मंजूताई, माझी मामेबहीण, जाऊन काही आठवडे झाले. साधा वाटलेला ताप होता. मामीचा फोन आला तेव्हा मी आमच्या हिंदीभाषक शहरातल्या गोलबाजारात सभेची पत्रकं वाटत होते. "मंजू गेली वं," एवढंच मामी बोलली. हातातला गठ्ठा मी एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर ठेवला, तो तिथंच राहिला...

त्याच शहरात, गुढियारी वस्तीत मामाच्या घरी, वरच्या खोलीत बसून ती काम करायची. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत ती फ्रंटएंडवर होती. म्हणजे सॉफ्टवेअरचा तो भाग, जो वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणि बोटांखाली असतो. नातेवाइकांना वाटायचं, मंजू कॉम्प्युटरवर रंगरंगोटी करते. ती म्हणायची, माणूस कुठं अडकते ते पाहाचं काम आहे. तिचे सहकारी दूरदूरच्या शहरांतले, फक्त आवाज. तिच्या अंत्यविधीला त्यांतलं कोणीच आलं नाही. येणार कसे? तिचं घर कुठं आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मी वडिलांच्या युनियनची पत्रकं वाचत मोठी झाले. तिच्या खोलीत बसून मी माझं पत्रक लिहायची आणि ती पाठमोरी तिचा कोड. मध्येच विचारायची, "काय लिहून राहिली वं पोट्टी?"

"व्यवस्था माणसाला चिरडते, असं."

"नेमकी कुठं? जागा दाखव ना मले."

मला राग यायचा. जागा काय दाखवायची, सगळीकडेच तर चिरडते! ती हसून पुन्हा तिच्या पडद्याकडे वळायची.

मग शहराबाहेर, सिलतऱ्याच्या एका कारखान्यातून तक्रार आली. तिथं धनेश नावाचा माणूस ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर बसायचा. वजन झालं की त्यानं बटण दाबायचं आणि गेटपास निघायचा. पण नेट संथ असलं की बटण दाबूनही पडद्यावर काहीच हलायचं नाही. धनेशनं पुन्हा दाबलं. एकाच गाडीचे दोन गेटपास निघाले, आणि दुसऱ्या पासवर माल बाहेर काढायचा डाव होता, असं म्हणून त्याला घरी बसवलं. कंपनीच्या बैठकीत या सगळ्याला एकच नाव मिळालं, 'वापरणाऱ्याची चूक'.

ताईनं घरातलं प्लॅस्टिकचं स्टूल स्कूटीवर बांधलं आणि सिलतऱ्याला गेली. तिची रीतच ती. कोणाला प्रश्न विचारायचे नाहीत, काम करणाऱ्याच्या खांद्यामागे स्टूल टाकून नुसतं बघत बसायचं. धनेशच्या जागी आलेल्या माणसानंही दुपारपर्यंत बटण दोनदा दाबलं. मग त्याला उठवून ताई स्वतः बसली. तिचंही बोट दुसऱ्यांदा गेलंच. तिनं मॅनेजरला बोलावलं. "साहब, चोरी नहीं है. मेरी स्क्रीन चुप थी."

धनेश कामावर परतला. आणि मला माझी जागा सापडली. चूक पडद्याची, शिक्षा माणसाला... व्यवस्था नेमकी तिथं चिरडत होती.

ताईनं पडदा बदलला. बटण एकदा दाबलं की बंद होई आणि खाली ओळ उमटे, 'रुकिए भैया, हो रहा है.' कंपनीला हे पसंत नव्हतं. धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'भैया' कसलं, गोल फिरणारी चकरी टाका म्हणाले. ताई अडून बसली. "चकरीनं काय होते? घाबरलेल्या माणसाशी बोलाव लागते."

तेरवी झाल्यावर मी सिलतऱ्याला गेले. धनेशला ती गेल्याचं कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. तेवढ्यात ट्रक काट्यावर चढला, त्यानं बटण दाबलं, आणि पडद्यावर ती ओळ आली. "हव, दीदी ह बोलथे," तो त्याच्या बोलीत हळूच म्हणाला, हो, ताईच बोलतेय असं. मग माझ्याकडे न बघता, "नई स्क्रीन आने वाली है दीदी. उसमें वो नहीं बोलेगी क्या?"

माझ्याकडे एवढ्या घोषणा आहेत. त्या बाजूला ठेवून मी त्याच्या खांद्यामागे उभी राहिले आणि पुढच्या ट्रकचा गेटपास निघताना बघितला.

हे मी वरच्या खोलीतच बसून लिहिते आहे. काय लिहून राहिली, असं कोणी विचारत नाही. खाली मामाची नातवंडं आहेत. मी मराठीत बोलले की ती हिंदीत उत्तर देतात आणि पळतात. कोपऱ्यात ते स्टूल आहे. त्याच्या खाचांत सिलतऱ्याची काळी धूळ बसलीय. मामीनं दोनदा घासलं, निघाली नाही. आता मीच म्हटलं, राहू दे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही सॉफ्टवेअर बनवत असाल, विकत घेत असाल, किंवा नुसते रांगेत उभे असाल, पुढच्या वेळी पडदा अडकला आणि समोरच्याचं बोट घाबरून पुन्हा बटणाकडे गेलं, की ओरडू नका. त्याच्या बाजूला जा. तो पडदा त्याच्या खांद्यामागून बघा.